परसातील तळ्यासाठी योग्य एरेटरची निवड

अवर्षणाच्या काळात फळबागेला व भाजीपाल्याला हाताशी पाणी असावे, या हेतूने महाराष्ट्राच्या पठारी भागात शेततळी खोदण्याचा प्रघात गेल्या काही वर्षांत चांगलाच रुजला आहे. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाली. तिच्यात १५ × १५ × ३ मीटरपासून ३० × ३० × ३ मीटरपर्यंतची तळी अनेक शेतकऱ्यांनी खोदली. पुष्कळांचे तळे घराला लागूनच असते. पाणी साठलेले असताना त्यात कटला, रोहू व मृगळ यांची बोटुकली सोडावी आणि घरच्या उत्पन्नात भर घालावी, असा विचार कोणाही विचारी शेतकऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

परंतु या जोडधंद्यात एक धोका असा आहे की, तो सात-आठ महिन्यांचे श्रम एका रात्रीत वाया घालवू शकतो. सायंकाळी खाद्य टाकताना उड्या मारणारे मासे दुसऱ्या दिवशी पहाटे पोट वर करून तरंगताना आढळतात. रोगाचे कोणतेही चिन्ह नसते, पाण्यात कोणी विष टाकलेले नसते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपलेला असतो, एवढेच. असा अनुभव एकदा आला, किंवा शेजाऱ्याच्या तळ्यावर तो पाहिला, की शेतकरी एरेटर घेण्यासाठी बाजारात जातो. तेथे त्याला “किती अश्वशक्तीचा पाहिजे?” हा प्रश्न प्रथम विचारला जातो. वास्तविक हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावयाचा आहे. तळ्याचा पहाटेचा तास कसा जातो, तळे किती खोल आहे आणि त्या वेळी वीज असते काय, या तीन गोष्टी कळल्यावाचून घेतलेले यंत्र पुष्कळदा बांधावर गंजत पडते, किंवा ज्या रात्री त्याची गरज असते त्याच रात्री ते उपयोगी पडत नाही.

प्राणवायू येतो कोठून व जातो कोठे

हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. पाण्यात मात्र तो अत्यल्प प्रमाणातच विरघळतो, आणि पाणी जसजसे तापते तसतशी ही क्षमता आणखी कमी होते. समुद्रसपाटीवर २० अंश सेल्सिअस उष्णतेच्या गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ९.१ मिलिग्रॅम, २५ अंशांना ८.३ मिलिग्रॅम आणि ३० अंशांना ७.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. पुणे, नाशिक यांसारख्या उंच पठारी भागात हे प्रमाण आणखी पाच-सहा टक्क्यांनी घटते. म्हणजे उन्हाळ्यात, माशांची भूक व श्वसन दोन्ही वाढलेली असतात त्या वेळीच, पाण्याची झोळी लहान झालेली असते.

तळ्याच्या पाण्याला हिरवी छटा देणारे सूक्ष्म वनस्पती-प्लवंग सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करतात. त्यामुळे दुपारी तीन-चारच्या सुमारास पाण्यात तो सर्वांत जास्त असतो. सूर्यास्तानंतर ही निर्मिती बंद पडते. मासे, प्लवंग, तळाच्या गाळातील जीवाणू हे सर्व मात्र रात्रभर श्वसन करीतच राहतात. परिणामी प्राणवायू ताशी थोडा थोडा उतरत जातो आणि सूर्योदयापूर्वीच्या तासाभरात नीचांकास पोहोचतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रात्री जो प्राणवायू खर्च होतो, त्यातील मोठा वाटा पुष्कळ तळ्यांत मासे घेत नाहीत. तो प्लवंग व गाळ घेतात. अतिशय हिरवेगार पाणी आणि तळाशी कुजणारे उरलेले खाद्य ही खरी खादाड मंडळी होत. म्हणून शेणखत व पेंड यांचा अतिरेक करावयाचा आणि त्याची भरपाई यंत्राने करावयाची, हा उलटा व्यवहार ठरतो.

कार्प जातीच्या माशांना लिटरला ५ मिलिग्रॅम अथवा त्याहून अधिक प्राणवायू मानवतो. तो ३ मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास मासे खाणे कमी करतात, त्यांची वाढ खुंटते व ते रोगाला बळी पडू लागतात. १ मिलिग्रॅमच्या खाली थोडा काळही राहिल्यास मरतूक सुरू होते. मरळ व मागूर यांना हवेतील प्राणवायू घेता येत असल्याने ते अशा पाण्यात तग धरतात. कटला व चंदेरा यांना मात्र ते शक्य नसते.

यंत्राची गरज आहे काय?

प्रथम हे पाहावे की यंत्राची खरोखर गरज आहे किंवा कसे. हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकली हे कार्प माशांच्या मिश्रशेतीचे नेहमीचे प्रमाण आहे. २० × २० मीटरचे तळे सुमारे चार गुंठ्यांचे भरते. या हिशेबाने त्यात २०० ते ४०० बोटुकली सोडावीत. एवढीच संख्या ठेवून, खाद्य माशांच्या भुकेप्रमाणे देऊन व पाण्याचा हिरवेपणा आटोक्यात ठेवून वागणाऱ्या शेतकऱ्यास बहुतेक रात्री एरेटरवाचून निभावता येते. संकटाच्या थोड्या रात्रींसाठी पुढे सांगितलेली साधी तजवीज त्याला पुरेशी होते.

हिरवेपणा मोजण्याची रीत सोपी आहे. २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची गोल तबकडी घ्यावी. तिचे चार भाग करून ते आळीपाळीने काळे व पांढरे रंगवावेत. तबकडी वजन बांधून दोरीने पाण्यात सोडावी आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजावी. ३० ते ४० सेंटिमीटरवर ती दिसेनाशी झाल्यास पाणी उत्तम समजावे. २० सेंटिमीटरच्या आतच नाहीशी झाल्यास खत तत्काळ बंद करावे, खाद्य निम्म्यावर आणावे आणि शक्य असल्यास थोडे पाणी पिकाला देऊन नवे पाणी घ्यावे. ही मोजणी सकाळी दहाच्या सुमारास, आठवड्यातून एकदा करावी. गढूळ पाण्यात मात्र तिच्यावरून प्लवंगाचा अंदाज काढू नये.

पहाटेची परीक्षा

यंत्र घेण्यापूर्वी सलग आठ दिवस सूर्योदयापूर्वी तळ्यावर जावे. मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा घेताना दिसतात काय, ते पाहावे. टाळी वाजविताच ते खाली जाऊन पुन्हा वर येत असतील, तर तूट आहे परंतु ती अद्याप सौम्य आहे. टाळी वाजविली तरी ते हालत नसतील, तर संकट दारात आले आहे असे समजावे. मरतूक झालीच, तर मेलेल्या माशांचा आकार पाहावा. प्राणवायूच्या अभावी सामान्यतः मोठे मासे आधी मरतात व लहान मागे राहतात. विषबाधेत लहान-मोठे असा भेद सहसा राहत नाही.

डोळ्यांच्या परीक्षेपेक्षा मोजमाप केव्हाही श्रेष्ठ होय. विरघळलेला प्राणवायू मोजण्याचे थेंब टाकून तपासावयाचे संच बाजारात मिळतात. दोन-चार शेतकऱ्यांनी मिळून एक संच घेतल्यास खर्च वाटला जातो. सूर्यास्ताच्या वेळी एकदा व त्यानंतर तीन तासांनी पुन्हा एकदा प्राणवायू मोजावा. पृष्ठभागाखाली अर्ध्या मीटरवरील व तळाजवळील अशा दोन नमुन्यांची सरासरी धरावी. रात्रीची घट जवळजवळ एकसारख्या वेगाने होत असल्याने या दोन आकड्यांवरून पहाटेची स्थिती आधीच कळते.

उदाहरणार्थ, सायंकाळी ६ वाजता लिटरला ८.० मिलिग्रॅम आणि रात्री ९ वाजता ६.५ मिलिग्रॅम प्राणवायू आढळला, असे धरू. तीन तासांत दीड, म्हणजे ताशी अर्धा मिलिग्रॅम उतार झाला. याच वेगाने रात्री २ वाजता तो ४ मिलिग्रॅमवर व सकाळी ६ वाजता २ मिलिग्रॅमवर येईल. यंत्राचे काम आता स्पष्ट झाले: रात्री २ पासून सकाळी ६ पर्यंत ताशी अर्ध्या मिलिग्रॅमची भरपाई करावयाची आणि पाणी ४ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ द्यावयाचे नाही.

यानंतर पाणी किती आहे ते काढावे. २० × २० × ३ मीटरच्या तळ्याची बाजू एकास एक उताराची असल्यास त्याचा तळ १४ × १४ मीटर भरतो व काठोकाठ भरले असता त्यात ८७६ घनमीटर पाणी मावते. उन्हाळ्याच्या तोंडी पाणी २ मीटरवर आले की ते सुमारे ५१५ घनमीटर उरते. एका घनमीटरमध्ये १,००० लिटर पाणी असते. तेव्हा ताशी अर्ध्या मिलिग्रॅमप्रमाणे ५१५ घनमीटरला सुमारे २६० ग्रॅम, म्हणजेच पाव किलोच्या किंचित वर प्राणवायू दर तासाला पुरवावा लागेल. निवडीचा पाया हाच आकडा होय.

एरेटरचे प्रकार

चाकी एरेटर. तरंगत्या सांगाड्यावर मोटार बसविलेली असते व तिच्यामुळे पात्यांची चाके फिरून पाणी हवेत उडते. पाण्याचे बारीक थेंब हवेतून जाताना प्राणवायू घेतात आणि तळ्यात प्रवाहही निर्माण होतो. दीड मीटरपर्यंतच्या खोलीच्या, पसरट तळ्यास हा प्रकार फार चांगला. अधिक खोल तळ्यात मात्र त्याचा प्रभाव वरच्या थरापुरता राहतो.

पंख्याचा एरेटर. तिरप्या पोकळ दांड्याच्या टोकाशी पंखा पाण्यात फिरतो, त्याच्या ओढीने हवा दांड्यातून खाली येते व बुडबुड्यांच्या रूपाने पाण्यात मिसळते. पाण्याला जोरदार ढकल मिळते. मातीच्या तळ्यात तो तळाकडे रोखून बसविल्यास गाळ ढवळतो, ही काळजी घ्यावी.

कारंजे व फवारा. पंपाने पाणी वर उडविणे किंवा छिद्रे पाडलेल्या नळीतून तळ्यावर फवारणे, असे यांचे स्वरूप आहे. शेतकऱ्याकडे पंप आधीच असल्याने संकटाच्या रात्रीसाठी हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

बुडबुड्यांचा एरेटर. काठावर ठेवलेल्या ब्लोअरने नळ्यांतून हवा तळाजवळ नेली जाते व सच्छिद्र नळीतून किंवा तबकडीतून बारीक बुडबुडे सोडले जातात. उथळ पाण्यात बुडबुडा लवकर वर येऊन फुटतो व प्राणवायू विरघळण्यास अवधी मिळत नाही. पाणी खोल असेल तर हाच प्रकार अधिक गुणकारी होतो, कारण बुडबुड्यांबरोबर तळचे पाणीही वर उचलले जाते.

या प्रकारांची तुलना अमेरिकेतील अलाबामा राज्यातील ऑबर्न विद्यापीठात क्लॉड बॉइड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात पद्धतशीरपणे केली. २० अंश उष्णतेच्या, प्राणवायू नसलेल्या स्वच्छ पाण्यात एक युनिट विजेवर प्रत्येक प्रकार सरासरीने किती प्राणवायू देतो, ते पुढीलप्रमाणे आढळले:

चाकी एरेटर: सुमारे २.२ किलो
पंख्याचा एरेटर: सुमारे १.६ किलो
कारंजे: सुमारे १.४ किलो
फवारा: सुमारे १.३ किलो
बुडबुड्यांचा एरेटर: सुमारे ०.९ किलो

हे आकडे हौदातील चाचणीचे आहेत. तळ्यातील पाणी उष्ण असते व त्यात थोडा प्राणवायू आधीच असतो, त्यामुळे नवा प्राणवायू संथपणे विरघळतो. पाणी ३० अंश उष्ण व प्राणवायू ४ मिलिग्रॅम असताना वरील आकड्यांच्या निम्म्याहून थोडेसे कमीच काम पदरात पडते, असे धरून चालावे. म्हणजे चाकी एरेटर एका युनिटमागे सुमारे १ किलो व बुडबुड्यांचा एरेटर सुमारे ०.४ किलो प्राणवायू देईल.

मागील उदाहरणातील तळ्यास ताशी २६० ग्रॅम प्राणवायू हवा आहे. चाकी एरेटरला त्यासाठी ताशी पाव युनिटहून किंचित अधिक, तर बुडबुड्यांच्या एरेटरला ताशी पाऊण युनिटपर्यंत वीज लागेल. बाजारात सहज मिळणारा एक अश्वशक्तीचा दोन चाकांचा एरेटर या तळ्यास पुरून उरतो. त्याहून मोठे यंत्र घेणे म्हणजे पैशाचा व विजेचा अपव्यय होय. शिवाय फार जोराचा प्रवाह लहान तळ्याचे काठ खचवितो व माशांनाही थकवितो.

कोणत्या तळ्यास कोणता एरेटर

केवळ विजेचा हिशेब पाहिला तर चाकी एरेटर सर्वांत सरस दिसतो. तथापि परसातील तळ्याबाबत आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात.

मातीचे, पसरट व दीड मीटरपर्यंत पाणी असलेले तळे असल्यास चाकी एरेटर घ्यावा. त्याची पाती सुमारे १० सेंटिमीटर पाण्यात बुडतील अशी पातळी ठेवावी. अधिक बुडाल्यास मोटारीवर ताण येतो व कमी बुडाल्यास पाणी नीट उडत नाही.

अडीच-तीन मीटर खोल, अस्तर घातलेले व घराला लागून असलेले तळे असल्यास बुडबुड्यांचा एरेटर विचारात घेणे इष्ट ठरते. त्याची मोटार काठावर कोरड्या जागी राहते, त्यामुळे पाण्यात विजेची तार जात नाही. घरात लहान मुले असताना ही गोष्ट थोड्या विजेच्या बचतीपेक्षा मोलाची आहे. चाकी एरेटरचा रात्रभर होणारा पाण्याचा आवाजही यात टळतो. ब्लोअरचा आवाज अडोशाला ठेवून कमी करता येतो. सच्छिद्र नळ्या तळापासून सुमारे एक फूट वर राहतील अशा टांगाव्यात, म्हणजे गाळ उठत नाही. ब्लोअर निवडताना तो किती खोलीपर्यंत हवा दाबू शकतो, हे आवर्जून विचारावे. दीड मीटरसाठी बनविलेला ब्लोअर तीन मीटरवर बुडबुडेच काढीत नाही.

दोन मीटरच्या आसपास पाणी असलेल्या तळ्यात दोन्ही प्रकार चालतात. तेथे विजेचा खर्च व घराची सुरक्षितता यांचा मेळ घालून निर्णय घ्यावा.

सिमेंटचा लहान हौद असल्यास मोठ्या यंत्राची मुळीच आवश्यकता नाही. ५ × ४ मीटर लांबीरुंदीच्या व १ मीटर पाण्याच्या हौदात २० घनमीटर पाणी असते. ताशी अर्ध्या मिलिग्रॅमप्रमाणे त्याची तूट अवघी १० ग्रॅम भरते. ५० ते ६० वॅटचा हवेचा पंप ती सहज भरून काढतो. असा पंप घरच्या इन्व्हर्टरवरही चालतो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची चांगली बॅटरी निम्मी वापरली, तरी वाटेतील घट वजा जाता ६० वॅटचा पंप सुमारे आठ तास चालू शकतो.

केवळ क्वचित प्रसंगी गरज पडत असल्यास असलेल्याच पंपाला छिद्रे पाडलेली आडवी नळी जोडून ठेवावी. पाणी वरच्या थरातून घ्यावे, तळातून घेऊ नये, आणि उंचावरून पाण्यावर फवारावे. विंधन विहिरीचे पाणी सोडावयाचे असल्यास तेही फवारूनच सोडावे, कारण भूगर्भातील पाण्यात पुष्कळदा प्राणवायू फार कमी व कर्बवायू अधिक असतो.

वीज केव्हा असते?

या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे चांगली यंत्रेही निरुपयोगी ठरतात. कृषिपंपांच्या वाहिनीवर वीज अखंड मिळत नाही. ती ठरावीक तास व पाळीपाळीने मिळते. ओलितासाठी दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून सौर कृषी वाहिनीचे काम महाराष्ट्रात हाती घेण्यात आले आणि अनेक शेतकऱ्यांनी सौर पंपही बसविले. पिकाला पाणी देण्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. परंतु एरेटरची गरज नेमकी मध्यरात्रीनंतर लागते. सौर पंपाच्या भरवशावर एरेटर घेणाऱ्याच्या हाती पहाटे काहीच नसते.

म्हणून रात्री १२ ते सकाळी ७ या वेळात आपल्या वाहिनीवर वीज केव्हा असते, याची महिनाभर नोंद ठेवावी. घराजवळील तळ्याचा लाभ असा की, तेथे घरगुती एकेरी फेजची वीज पोहोचू शकते. मात्र मंजूर भार पुरेसा आहे काय व या वापरास तो जोड चालतो काय, हे वीज कंपनीच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे आणि यंत्रही एकेरी फेजच्या मोटारीचेच मागावे. त्याखेरीज वीज गेल्यास काय करावयाचे, हे यंत्र घेण्याच्या दिवशीच ठरवावे. लहान जनित्र किंवा इंजिनावर चालणारा पंप गावात कोणाकडे आहे व तो रात्री मिळेल काय, हे माहीत असावे.

दिवसाची सौर वीज अगदीच वाया जात नाही. खोल तळ्यात दुपारी वरचा थर प्राणवायूने भरलेला व तळचा थर रिता असतो. अशा वेळी तास-दोन तास बुडबुड्यांनी पाणी खालीवर केल्यास तळालाही प्राणवायू मिळतो आणि रात्रीची शिदोरी वाढते. चाकी एरेटरने पाणी हवेत उडविण्यास मात्र दुपारची वेळ योग्य नव्हे. पाण्यात प्राणवायू क्षमतेपेक्षा अधिक साठला असता उडविल्याने तो उलट हवेत निघून जातो.

वापर करताना घ्यावयाची काळजी

१. बरेच महिने निपचित राहिलेल्या खोल तळ्यात बुडबुड्यांचा एरेटर पहिल्याच दिवशी रात्रभर चालवू नये. तळचे प्राणवायूरहित, दुर्गंधीयुक्त पाणी एकदम वर येऊन मासे दगावण्याचा संभव असतो. पहिल्या दिवशी दुपारी पंधरा-वीस मिनिटे चालवावा व रोज थोडी वेळ वाढवीत आठवड्याने पूर्ण वापरास घ्यावा.

२. वळवाच्या पावसाने वरचे पाणी एकदम थंड होऊन खाली जाते व तळचे वर येते. त्या रात्री, तसेच पावसाळ्यात दोन-तीन दिवस सलग मळभ असताना यंत्र लवकर सुरू करावे. हिरवे पाणी एक-दोन दिवसांत अचानक तपकिरी झाल्यास प्लवंग मेले असे समजून खाद्य बंद करावे व यंत्र रात्रंदिवस चालू ठेवावे.

३. मासे वर आल्यावर यंत्र सुरू करण्याची वाट पाहू नये. प्राणवायू ४ मिलिग्रॅमवर येण्याच्या वेळेआधी यंत्र सुरू व्हावे व सूर्य चांगला वर येईपर्यंत चालावे.

४. अस्तर घातलेल्या तळ्यात यंत्र स्थिर ठेवण्यासाठी दगड टाकू नयेत. दोर दोन्ही काठांवरील खुंट्यांना बांधावेत. पाण्याचा झोत अस्तराच्या एकाच जागेवर सतत आदळणार नाही, असे तोंड ठेवावे.

५. विजेचे काम जाणत्या तंत्र्याकडूनच करून घ्यावे. यंत्राला उत्तम अर्थिंग असावे व ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवावा. वायर जोडविरहित व पाण्यात वापरण्याजोगी असावी. यंत्र चालू असताना कोणीही पाण्यात उतरू नये अथवा हात घालू नये. मासे वाचविण्याच्या घाईत माणसाचा जीव जाऊ नये, याचे भान घरातील प्रत्येकास असावे.

६. खरेदी करताना गिअरपेटीचे तेल पाण्यात गळत नाही ना, दांडा न गंजणाऱ्या पोलादाचा आहे ना, आणि पाती, तेलरोधक कडी व बेअरिंग तालुक्याच्या गावी मिळतात ना, हे पाहावे. दुरुस्तीसाठी आठ दिवस मुंबईला जाणारे यंत्र स्वस्त असले तरी महाग पडते.

खर्चाचा मेळ

एक अश्वशक्तीच्या एरेटरला ताशी सुमारे एक युनिट वीज लागते, असे धरावे. रोज पाच तास चालविल्यास महिन्याला १५० युनिट होतात. आपल्या दराने त्याची रक्कम काढावी, तीत यंत्राच्या किमतीचा वार्षिक वाटा मिळवावा आणि तळ्यातील माशांच्या बाजारभावाने होणाऱ्या किमतीशी ताडून पाहावी. २०० माशांच्या तळ्यास ही बेरीज बहुधा परवडत नाही. तेथे बोटुकली कमी सोडणे व पंपाचा फवारा तयार ठेवणे हाच किफायतशीर मार्ग होय. मासे अधिक व मोठे असतील, तर मात्र एका वाचलेल्या पहाटेतही यंत्राची किंमत वसूल होऊ शकते.

या बाबतीत एक मोह कटाक्षाने टाळावा. यंत्र आले म्हणून दुप्पट-तिप्पट बोटुकली सोडण्याची इच्छा होते. असे दाट तळे यंत्रावरच जगते. मग ज्या रात्री वीज जाते किंवा मोटार जळते, त्या रात्री विरळ तळ्यातील मासे सकाळपर्यंत कसेबसे टिकतात, परंतु दाट तळ्यातील मासे काही तासांतच नाहीसे होतात. मासळीची संख्या यंत्राच्या शक्तीवर ठरवू नये. वीज नसलेल्या रात्री तळे जेवढे मासे सांभाळू शकेल, त्याच्या आसपासच ती ठेवावी.

सारांश, प्रथम खाद्य, खत व बोटुकलीची संख्या ताब्यात आणावी. नंतर पहाटेची तूट मोजावी, पाण्याचे माप घ्यावे, खोली पाहावी व रात्रीच्या विजेची नोंद करावी. या चार गोष्टी एका कागदावर लिहून मगच दुकानाची पायरी चढावी. शंका असल्यास जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात तो कागद घेऊन जावे. अशा तयारीने घेतलेला एरेटर लहान असला तरी गरजेच्या पहाटे उपयोगी पडतो, आणि घरच्या माणसांनी वर्षभर वाढविलेली मासळी सुखरूप बाजारात पोहोचते.